पप्पांचा पीएफ आणि तुमचं ॲप

स्मॉल कॅप फंडातली तुमची एसआयपी मस्त चालली असेल. चालू द्या! पण घरात आलेल्या रिटायरमेंटच्या पैशालाही तोच फंड सुचवणार असाल, तर आधी हे वाचा.

मोशीत राहत असाल तर हे चित्र तुम्हाला नवीन नाही. एका बाजूला भोसरी एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला इंद्रायणी ओलांडली की चाकणचा पट्टा. मधल्या सोसायट्यांमध्ये दर मजल्यावर कुणी ना कुणी ‘कंपनीत’. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट यावर घराचं जेवण, झोप आणि टीव्हीचा आवाज ठरतो. गावाकडून येऊन इथे मशीनवर उभी राहिलेली एक अख्खी पिढी आता अठ्ठावन्न-साठीला आली आहे. म्हणजे अनेक घरांत एक गोष्ट पहिल्यांदाच घडतेय. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे, अशी मोठी रक्कम एकदम खात्यात येतेय.

मग प्रश्न पडतो, ठेवायचे कुठे?

आणि इथे तुमची एंट्री होते. कारण ॲप तुमच्या फोनमध्ये आहे. केवायसी, यूपीआय, एनएव्ही हे शब्द घरात तुम्हालाच कळतात. पप्पा बँकेत एफडी करायला निघतात आणि तुम्ही म्हणता, ‘काय पप्पा, एफडीत काय मिळतं? हा फंड बघा.’ स्क्रीनवर पाच वर्षांचा हिरवा ग्राफ असतो. पप्पा चष्मा लावून बघतात. त्यांना ग्राफ कळतो असं नाही, पण तुमच्यावर विश्वास असतो. म्हणूनच हा विषय तुमच्या पानावर हवा.

आधी हे स्मॉल कॅप म्हणजे काय?

‘स्मॉल’ म्हटलं की भोसरीतलं वीस माणसांचं वर्कशॉप डोळ्यांसमोर येतं. तसं नाही. सेबीने २०१७ मध्ये ठरवून दिलं की बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉल कॅप. या यादीतल्या वरच्या कंपन्यांचं मूल्यही हजारो कोटींत असतं. स्मॉल कॅप फंडाने किमान ६५ टक्के पैसा याच कंपन्यांत लावायचा, असा नियम आहे.

या कंपन्या वाढतात तेव्हा धडाक्यात वाढतात. बीएसई स्मॉलकॅप निर्देशांक २०१७ मध्ये जवळपास ६० टक्के वर गेला, २०२३ मध्ये ४७ टक्क्यांच्या आसपास. असे आकडे बघितल्यावर एफडी बिचारी वाटणारच. पण याच निर्देशांकाने २०१८ मध्ये २३ टक्क्यांहून जास्त मार खाल्ला आणि २०१९ मध्येही खालीच राहिला. ॲपवर कोणताही स्मॉल कॅप फंड उघडा, रिस्कोमीटरचा काटा सहापैकी शेवटच्या खणात दिसेल. तिथे लिहिलेलं असतं, ‘व्हेरी हाय’. आपण ते स्क्रोल करून पुढे जातो.

आकुर्डी, २००७

थोडं मागे जाऊ. सप्टेंबर २००७. बजाज ऑटोने आकुर्डीच्या कारखान्यातलं गाड्यांचं उत्पादन थांबवलं. हाच तो कारखाना, जिथून चेतक स्कूटर देशभर गेली. अडीच हजारांहून जास्त कामगारांच्या रोजीरोटीचा प्रश्न उभा राहिला आणि शहरात व्हीआरएस हा शब्द घराघरात पोहोचला. (आता त्याच आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतक बनते, तो भाग वेगळा.)

त्याच महिन्यांत शेअर बाजार तुफान वर चालला होता. आता एक कल्पना करा. ही कल्पनाच आहे, कुणा एकाची गोष्ट नाही. समजा, तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या एका कामगाराला १० लाख रुपये मिळाले आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने जानेवारी २००८ मध्ये ते सगळे छोट्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये टाकले.

जानेवारी २००८ मध्ये बीएसई स्मॉलकॅप निर्देशांक १४ हजारांवर होता. मार्च २००९ मध्ये तो ३ हजारांच्या आसपास आला. म्हणजे चौदा महिन्यांत १० लाखांचे साधारण २ लाख. बरं, ‘थांबला असता तर परत आले असते’ हे खरं आहे. आले. पण निर्देशांकाला ती जुनी पातळी पुन्हा गाठायला २०१७ उजाडलं. नऊ वर्षं! काही चांगल्या फंडांनी निर्देशांकापेक्षा लवकर भरपाई केली, हेही खरं. तरी ५५व्या वर्षी पैसे लावलेला माणूस तोवर चौसष्टचा झालेला असणार. मधल्या काळात मुलीचं लग्न, आईचं ऑपरेशन, गावच्या घराचं छप्पर, यातलं काहीच नऊ वर्षं थांबत नाही.

हेच तुमच्या बाबतीत घडलं असतं तर? तुम्ही २२ चे असता, महिन्याला हजार रुपयांची एसआयपी असती, तर ती पडझड तुमच्यासाठी सेल ठरली असती. स्वस्तात जास्त युनिट्स मिळाली असती आणि तुम्ही ३१ व्या वर्षी खुशीत असता. फंड तोच, बाजार तोच. फरक एवढाच की तुमच्याकडे पुढच्या महिन्याचा पगार आहे आणि पप्पांकडे आलेला चेक शेवटचा आहे.

पडझड आधी आली की नंतर?

आता एक गणित करू. कॉलेजमध्ये ‘ॲव्हरेज रिटर्न’ शिकवतात. रिटायर्ड माणसाला ॲव्हरेज फसवतं, कारण तो दरवर्षी पैसे काढत असतो.

समजा, पप्पांकडे ४० लाख आहेत. सगळे स्मॉल कॅप फंडात. घरखर्चाला दरवर्षी सुरुवातीला ३ लाख काढायचे, म्हणजे महिन्याला २५ हजार. आणि समजा, पुढची तीन वर्षं अशी गेली: पहिल्या वर्षी ५० टक्के पडझड, दुसऱ्या वर्षी ५० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी २० टक्के वाढ.

पहिल्या वर्षी ३ लाख काढल्यावर ३७ उरले, त्याचे झाले साडेअठरा. दुसऱ्या वर्षी ३ काढून साडेपंधरा, ते वाढून सव्वातेवीस. तिसऱ्या वर्षी ३ काढून सव्वावीस, ते वाढून २४ लाख ३० हजार.

आता तीच तीन वर्षं उलट्या क्रमाने घ्या. आधी २० टक्के वाढ, मग ५० टक्के वाढ, शेवटी ५० टक्के पडझड. तेवढेच पैसे काढले. हातात उरतात २९ लाख ५५ हजार.

काहीच काढलं नसतं तर दोन्ही वेळा उत्तर एकच आलं असतं, ३६ लाख. तुमची एसआयपी आणि पप्पांची पुंजी यांत हाच मोठा फरक आहे. तुम्ही टाकत राहता, ते काढत राहतात. बाजार पडल्यावर काढलेलं प्रत्येक युनिट स्वस्तात विकलेलं असतं आणि विकलेलं युनिट बाजार वर आल्यावर परत वाढत नाही. ३६ ऐवजी २४ किंवा २९, हे कुणी ठरवलं? रिटायरमेंटनंतरच्या पहिल्या वर्षी बाजार कसा निघाला, त्याने. आणि ते ना तुमच्या हातात आहे, ना फंड मॅनेजरच्या.

नोकरी, भाडं, फंड : तिन्ही एकाच गाडीवर

हा मुद्दा खास आपल्या पट्ट्याचा आहे.

२०१९ आठवतंय? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आधीच्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी झाली. पिंपरीत टाटा मोटर्सने ‘ब्लॉक क्लोजर’ घेतले, महिंद्रानेही उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले. मोठ्या कंपनीची लाइन थांबली की तिला पार्ट पुरवणारी भोसरीतली, चाकणमधली छोटी कंपनी थांबते. तिथला कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा घरी बसतो. तो घरी बसला की त्याची रूम रिकामी होते, मेस बंद होते, चहाच्या टपरीचा धंदा कमी होतो.

आणि नेमक्या त्याच काळात स्मॉल कॅपचं काय चाललं होतं? जानेवारी २०१८ च्या शिखरावरून निर्देशांक उतरत होता आणि मार्च २०२० मध्ये कोविडच्या धक्क्यानंतर तो निम्म्याहून खाली आला.

आता तुमच्या घराकडे बघा. दादा चाकणला नोकरीला. वरचा मजला कंपनीतल्या मुलांना भाड्याने दिलेला. फ्लॅटची किंमत कंपन्यांच्या भरवशावर. बहुतेक स्मॉल कॅप फंडांत ऑटो पार्ट, फोर्जिंग, मशिनरी अशा कंपन्याही असतात. म्हणजे पप्पांचा पीएफसुद्धा त्याच फंडात टाकला, तर घरातला एकूण एक पैसा गाड्या विकल्या जाण्यावर अवलंबून राहिला. मंदी आली की दादाचा ओव्हरटाइम जातो, भाडं थांबतं आणि फंडही पडतो, सगळं एकाच महिन्यात. मुंबईच्या बँकेत काम करणाऱ्या कुटुंबापेक्षा मोशीच्या कुटुंबाला ही जोखीम जास्त आहे. कुठल्याही ॲपच्या रिस्कोमीटरवर ती दिसत नाही, कारण ॲपला तुमचं घर माहीत नाही.

फंडवालेच काय म्हणतात?

जुलै २०२३ मध्ये बाजार जोरात होता आणि स्मॉल कॅप फंडांकडे पैशाचा ओघ लागला होता. तेव्हा निप्पॉन इंडिया आणि टाटा या म्युच्युअल फंडांनी आपल्या स्मॉल कॅप योजनांत एकरकमी पैसे घेणं थांबवलं. एसआयपी मात्र चालू ठेवली. विचार करा, पैसे घेणं हाच ज्यांचा धंदा ते एकरकमी रकमेला नको म्हणत होते. आणि रिटायरमेंटचा पैसा येतो तो एकरकमीच.

पुढच्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये सेबीच्या तत्कालीन अध्यक्ष माधवी पुरी बुच यांनी छोट्या-मध्यम शेअर्समध्ये फेस दिसतोय, असा जाहीर इशारा दिला. त्याच आठवड्यात, १३ मार्चला, बीएसई स्मॉलकॅप एका दिवसात ५ टक्के पडला. त्याच महिन्यात फंडांना पहिल्यांदा सांगावं लागलं की निम्मे शेअर्स विकायचे ठरवले तर किती दिवस लागतील. एसबीआय स्मॉल कॅपचं उत्तर होतं ६० दिवस, एचडीएफसीचं ४२, निप्पॉनचं २७. याचा अर्थ तुमचे पैसे मिळायला दोन महिने लागतात असा नाही, ते एरवी काही दिवसांत मिळतात. अर्थ असा की सगळे एकदम दाराकडे धावले, तर छोट्या शेअर्सना गिऱ्हाईक पटकन मिळत नाही आणि भाव आणखी पडतो.

जे लोक देशाचा रिटायरमेंटचा पैसा सांभाळतात, ते काय करतात हेही बघण्यासारखं आहे. पीएफचं ऑफिस २०१५ पर्यंत शेअर्सला हातच लावत नव्हतं. आता नव्याने येणाऱ्या पैशाच्या १५ टक्क्यांपर्यंत लावतं, तेही मुख्यतः सेन्सेक्स-निफ्टीवर आधारित ईटीएफमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांत. एनपीएसमध्ये ‘ॲग्रेसिव्ह’ या नावाने ओळखला गेलेला एक ऑटो चॉइस आहे. त्यात ३५ वर्षांपर्यंत ७५ टक्के पैसा शेअर्समध्ये असतो, मग दरवर्षी कमी होत होत ५५व्या वर्षी १५ टक्क्यांवर येतो. नाव ॲग्रेसिव्ह, तरी वयाप्रमाणे ब्रेक लावलेला.

मग सगळं एफडीतच?

तसंही नाही. पप्पा साठीचे असतील तर अजून वीस-पंचवीस वर्षं जगायचंय. महागाई काही रिटायर होत नाही. आणि ‘बँक म्हणजे सेफ’ हेही डोळे झाकून म्हणता येत नाही. पुण्यातली रुपी बँक आणि पिंपरीतली सेवा विकास बँक, दोन्हींचे परवाने रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये रद्द केले. बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराला विम्याचं संरक्षण ५ लाखांपर्यंतच असतं. तेव्हा अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सगळी रक्कम एकाच पतपेढीत ठेवणं हेही धाडसच.

सुरुवात खर्चापासून करा. घर चालवायला महिन्याला किती लागतात आणि पेन्शन किती येणार? इथे अनेकांना धक्का बसतो. पीएफसोबतचं पेन्शन बहुतेकांना १५ हजारांच्या पगारावरच मोजून मिळतं. त्यामुळे पस्तीस वर्षं नोकरी धरली तरी ते महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास थांबतं. म्हणजे खर्चाचा मोठा भाग जमलेल्या पुंजीतूनच निघणार.

त्या भागासाठी पोस्टाची आणि बँकांची सीनियर सिटिझन्स सेव्हिंग स्कीम आहे. मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला हातात. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आहे आणि खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. ३० लाख ठेवले तर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. वय ६० लागतं, पण रिटायर झालेल्यांना किंवा व्हीआरएस घेतलेल्यांना ५५ नंतरही चालतं. अट अशी की पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं. ही तारीख पप्पांना माहीत नसेल. तुम्ही लक्षात ठेवा.

त्यानंतर दोन-तीन वर्षांचा जादा खर्च आणि दवाखान्याची सोय बाजूला काढा. हे सगळं करून जे उरेल, ज्याला सात-दहा वर्षं खरंच हात लावायचा नाही, त्यातला काही भाग शेअर्सच्या फंडात जाऊ शकतो. तोही आधी मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्स फंडात किंवा हायब्रिड फंडात, आणि एकदम न टाकता थोडा थोडा. स्मॉल कॅपची पाळी शेवटी आणि तिचा वाटा इतका लहान की निम्मा झाला तरी घरातलं दूध बंद होणार नाही.

पप्पांशी बोलण्याआधी सहा प्रश्न

१. जुन्या कंपन्यांचा पीएफ एकाच यूएएनखाली आलाय का? आपल्याकडे नोकऱ्या बदललेले, कॉन्ट्रॅक्टवर राहिलेले खूप. जुनी खाती तशीच पडून असतात.

२. यातले किती पैसे पुढच्या पाच वर्षांत नक्की लागणार आहेत? कर्ज, शिक्षण, लग्न सगळं लिहून काढा. कागदावरच.

३. ४० लाखांचे २० लाख दिसले तर आई-पप्पांना झोप लागेल का? त्यांना थेट विचारा. टक्क्यांत नका विचारू, रुपयांत विचारा.

४. घरातल्या बाकीच्या कमाईचा धागा कुठे जोडलाय? सगळं ऑटोवर असेल तर पुंजी तरी दुसरीकडे असू द्या.

५. सल्ला कोण देतंय? एजंटला कमिशन मिळतं, रील बनवणाऱ्याला व्ह्यूज. सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार फी घेतो, पण ती त्याच्या सल्ल्याची असते. नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर तपासता येतो.

६. नॉमिनी कोण? आईला खात्याची, पासवर्डची, पॉलिसीची माहिती आहे का? ओटीपी तुमच्याच फोनवर येत असेल तर ते आधी बदला. पैसे पप्पांचे, तर ओटीपीही पप्पांच्या फोनवर.

हे वाचून तुमची पाचशे-हजाराची एसआयपी बंद करू नका. पहिल्या स्टायपेंडपासून सुरू केली असेल तर उत्तमच. तुमचं वयच तुमचं भांडवल आहे आणि बाजार पडला तर तुम्हाला तो परत वर येईपर्यंत थांबता येतं. पप्पांनी तेवढं थांबायचं कशाच्या जोरावर? त्यांच्या ४० लाखांत तीस वर्षांच्या नाइट शिफ्ट आहेत आणि त्या पुन्हा करता येत नाहीत. तेव्हा या रविवारी ॲप बाजूला ठेवा, एक वही घ्या आणि आई-पप्पांसोबत बसून आधी महिन्याचा खर्च लिहा. फंडाचं नाव सगळ्यात शेवटी.